शर्लीला, नाताळच्या खरेदीआधी

प्रिय शर्ली,



परवा फोनवर तू घाईत होतीस, आणि असल्या गोष्टी घाईत बोलून होत नाहीत, म्हणून पत्र लिहिते आहे. लग्नानंतरचा तुमचा हा पहिला नाताळ. नेल्सनला काय द्यावं याचा तू इतका विचार करते आहेस, याचाच मला फार आनंद झाला. आपल्याकडे नाताळ आला की मुलांना कपडे होतात, सासरी-माहेरी फराळाचे डबे जातात, वाडीत कामाला येणाऱ्या बायकांच्या हातावर काही ठेवलं जातं. घरच्या पुरुषाला काय हवं असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यातच येत नाही. तोही कधी मागत नाही. माझ्या दादाला मी लहानपणापासून पाहत आले आहे. चपलेचा अंगठा तुटून हातात येईपर्यंत नवी घ्यायची नाही, हा त्याचा खाक्या. तुझा नवरा त्याच वळणाचा दिसतो.

पण तू म्हणत होतीस ते स्मार्ट वॉच घेऊ नकोस.

नेल्सन वालीवच्या कारखान्यात लेथवर काम करतो. फिरत्या मशीनपाशी घड्याळ, अंगठी, कडं, सैल बाही यांतलं काहीच चालत नाही. कुठे अडकलं तर माणसाचा हातच आत ओढला जातो. लग्नाची अंगठीसुद्धा तो कामावर काढून ठेवतो, हे तूच मला सांगितलंस. म्हणजे ते घड्याळ पाळीभर लॉकरमध्ये पडून राहणार. घरी आल्यावर तो वाडीत पाणी सोडायला जातो, तिथे चिखलात ते घालणार नाही. उरला रविवार. एका रविवारच्या मिस्सेसाठी बारा महिन्यांचे हप्ते, आणि तेही ज्या खात्यात त्याचा पगार जमा होतो त्याच खात्यातून! पहिल्या दोन हप्त्यांनंतर त्याला ते घड्याळ बघून आनंद होणार नाही, हिशेब आठवेल. जे द्यायचं ते तुझ्या शिकवण्यांच्या पैशांतून, रोखीने आणि झेपेल तेवढंच दे.

मी आयुष्यभर अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा 1993 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये एक निबंध आला होता, नाताळच्या भेटवस्तूंवरच. त्याने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्हाला मिळालेल्या वस्तूंवर देणाऱ्याने अंदाजे किती खर्च केला असेल, आणि तुमच्या मते तुमच्यासाठी त्यांचं मोल किती? दोन आकड्यांत एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत तूट निघाली. शंभर रुपये खर्चून दिलेली वस्तू घेणाऱ्याला कधी नव्वदची, तर कधी सदुसष्टची वाटली. ही तूट आजी-आजोबा, काका-मावश्या अशा दुरून देणाऱ्यांच्या भेटींत जास्त होती आणि मित्रांच्या, जिवलग माणसांच्या भेटींत सगळ्यात कमी. देणाऱ्याला घेणाऱ्याचं रोजचं जगणं जितकं ठाऊक, तितकं नुकसान कमी. यावरून कुणी म्हणेल, की मग रोख पैसेच द्यावेत. भाच्यांना मी तेच करते. पण नवरा-बायकोत रोख पैशांना काय अर्थ आहे? घरातले पैसे घरातच फिरणार. शिवाय तुझ्याजवळ जे आहे ते माझ्याजवळ नाही, दुकानदाराजवळ तर नाहीच नाही. नेल्सन सकाळी किती वाजता उठतो, चहा कशातून पितो, कुठली वस्तू हातात घेताना त्याच्या कपाळाला आठी पडते, हे तू रोज बघतेस. भेट तिथून निवडायची.

आता आणखी एक सांगते, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवऱ्याला सुधारण्यासाठी भेट देऊ नये. घड्याळाच्या आधी तू परफ्यूमच्या सेटचं बोलली होतीस. तुझ्या मनात वावगं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण लेथवर कूलंटचा वास दिवसभर कपड्यांना लागतो, आंघोळ केली तरी हातांना थोडा राहतोच, आणि त्या माणसाला ते चांगलं माहीत असतं. त्याच्या हातात तू सुगंधी बाटली ठेवलीस तर तो हसून घेईल, आभार मानेल, आणि मनात धरून बसेल की हिला माझ्या अंगाचा वास येतो. व्यायामशाळेची वर्षाची फी, ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाचं पुस्तक, त्याने कधीच न घातलेल्या रंगाचा शर्ट, या सगळ्यांची तीच गत. त्याच्यात बदल हवा असेल तर तोंडाने सांग, तेवढा तुझा हक्क आहे. नाताळच्या कागदात गुंडाळून सांगू नकोस.

संत निकोलसांची गोष्ट तुला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलेली असेल. चौथ्या शतकातले मायराचे बिशप, 6 डिसेंबरला त्यांचा सण. तीन मुलींची लग्नं पैशांवाचून अडलेल्या एका बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी परंपरा आहे. सांताक्लॉजचं सगळं प्रस्थ पुढे त्यांच्याच नावाभोवती वाढलं. मला त्या कथेत सोन्याहून रात्र महत्त्वाची वाटते. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये, एवढी काळजी देणाऱ्याने घेतली. नवऱ्याच्या बाबतीतही ती घ्यायची असते, कारण पुरुष या बाबतीत फार हळवे असतात आणि तसं दाखवत मात्र नाहीत.

मग द्यायचं काय? कपडे नकोत. नाताळचे कपडे होणारच आहेत, ते भेटीत मोजू नकोस. मोबाइल, बेल्ट, पाकीट यांचंही काही अडलेलं नाही.

तुमच्या लग्नात नेल्सनच्या गावचा बँड होता आणि त्याच्या मित्रांनी आग्रह केला म्हणून नवरदेवानेच दोन गाणी क्लॅरिनेटवर वाजवली. मी अगदी समोर होते. ते आजोबांचं वाद्य आहे, असं तुझ्या सासूबाईंनी मला सांगितलं. वाजवताना तो मध्येच थांबला, तोंडापाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी काढून उजेडात धरली, अंगठ्याने तिचं टोक दाबून पाहिलं, उलटसुलट केली आणि परत बसवली. त्या पट्टीला रीड म्हणतात. टोकाला ती इतकी पातळ असते की उजेड आरपार दिसतो. वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करावी लागते, मगच ती नीट कंप पावते. ओली-सुकी होऊन ती झिजते, टोकाला टवका उडतो, मग सूर फाटतो आणि उंच पट्टीत किंचाळतो. नियमाने वाजवणारे तीन-चार रीड आलटून-पालटून वापरतात. नेल्सन एकाच रीडवर भागवतो आहे आणि तिचा एक कोपरा गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. नवी घेणं त्याला परवडत नाही असं नाही. स्वतःच्या हौसेवर खर्च करणं त्याच्या स्वभावात नाही.

त्याला रीडचा डबा दे. दहा रीडचा येतो. स्मार्ट वॉचच्या मानाने पैसे फारच थोडे जातील. पण इथे निवड डोळसपणे करायला हवी. रीडला नंबर असतो. 2, अडीच, 3 असे चढत जातात, आणि नंबर जितका मोठा तितकी रीड कडक. त्याच्या ओठांना आणि त्याच्या माउथपीसला जो नंबर जुळला आहे तोच हवा. एका कंपनीचा अडीच दुसऱ्या कंपनीच्या अडीचसारखा लागेलच असं नाही, म्हणून कंपनीही तीच बघ. दोन्ही गोष्टी जुन्या रीडच्या पाठीवर छापलेल्या असतात. तो कामावर गेला की पेटी उघड आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव. रीडला हात लावू नकोस, टोक लगेच दुखावतं. वाद्य बी-फ्लॅट आहे की ई-फ्लॅट, हेही बघून घे. ई-फ्लॅट आकाराने लहान असतं आणि त्याच्या रीड वेगळ्या. बँडमध्ये दोन्ही वाजवणारे असतात. मग मरीन लाइन्सला उतरून धोबीतलावच्या फुर्ताडोजमध्ये जा. 1865 सालापासूनचं दुकान आहे, फोटो दाखवलास की ते बरोबर काढून देतील. जमलं तर सांध्यांच्या बुचाला लावायचं ग्रीजही घे, ते लहानशा डबीत मिळतं.

वाद्याच्या कळांखालच्या गाद्याही जुन्या झाल्या असणार. त्या बदलून घेण्याचा तुझा विचार असला तर चांगलाच आहे, पण डिसेंबरात वाद्य दुरुस्तीला देऊ नकोस. नाताळआधीच्या आगमनकाळात कॅरलच्या तालमी असतात, मग मध्यरात्रीची मिस्सा, आणि नाताळ संपला की आपल्याकडे लग्नं सुरू होतात ती ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत. एवढे दिवस त्याचे हात रिकामे ठेवणं हा त्याच्यावर अन्याय होईल. एका पाकिटात दुरुस्तीचे पैसे घाल आणि वर ‘उपवासकाळात वाद्याच्या दुरुस्तीसाठी’ असं लिहून दे. तेव्हा बँड थंड असतो.

हे सगळं मी एका लग्नात पाहिलेल्या गोष्टीवरून लिहिते आहे. तू त्या घरात राहतेस. तुला याहून बरं काही दिसत असेल तर तेच दे, माझ्या शब्दाला चिकटून राहू नकोस. खात्री नसेल तर सरळ त्यालाच विचार. विचारलं तर मजा जाते असं तुझ्या मैत्रिणी म्हणतील. मला ते पटत नाही. ज्या माणसाला आजवर कुणी ‘तुला काय हवं?’ असं विचारलेलंच नाही, त्याला त्या विचारण्याचंच अप्रूप वाटतं. उत्तर ‘काही नको’ असंच येईल. दोन दिवसांनी पुन्हा विचार.

सासूबाईंनाही विश्वासात घे. लहानपणी त्याला कशाचा नाद होता, काय मागितलं होतं आणि तेव्हा देता आलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांना विचारलंस तर त्यांनाही बरं वाटेल, आणि भेट उघडताना घरात कुणाच्या मनात किल्मिष राहणार नाही. सासऱ्यांसाठी आणि दिरासाठी काहीतरी लहानसं आण, ते नाताळच्या गोठ्यापाशी सगळ्यांसमोर दे. नेल्सनचं मात्र वेगळं ठेव. तुमच्या खोलीत, मिस्सेहून परतल्यावर दे. किती रुपयांचं, कुठून आणलं, ही चर्चा चारचौघांत व्हायला नको. आणि त्याने तुझ्यासाठी काही आणलं नसेल तर तोंड पाडून बसू नकोस. त्याच्या घरात ती रीतच नव्हती. तू सुरू केलीस, पुढच्या वर्षी तो शिकेल.

भेटीला जोडून चार ओळींची चिठ्ठीही दे. छापील कार्ड नको. आपल्या कादोडी बोलीत लिही, घरात बोलता तशीच. त्याच्या वाजवण्यातलं तुला नेमकं काय आवडतं, तेवढंच लिही.

कॅरलच्या तालमी सुरू व्हायच्या आत रीड त्याच्या हातात पडल्या तर उत्तम, कारण नवी रीड रुळायला थोडे दिवस लागतात आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला ती तयार असायला हवी. तेव्हा नाताळच्या रात्रीची वाट न बघता त्याला आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच दे, माझी काही हरकत नाही. चिठ्ठी आणि दुरुस्तीचं पाकीट नाताळला दे. या आठवड्यात रीडचा फोटो काढून मला पाठव. शनिवारी मला चर्चगेटला जायचंच आहे, तुला सुट्टी नसेल तर मी घेऊन येईन.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. नेल्सनला यातलं काही बोलू नकोस.

तुझी,
आत्या