निनावी पत्रक आणि ओळखीचे अक्षर : कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे तक्ते असतात. रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या परिचारिका, मावशी व मामा यांना आपले काम कसे वाटते, याचा रकाना मात्र त्यांत क्वचितच आढळतो. हा रकाना भरण्याचा प्रयत्न आम्ही केला, आणि पहिल्या खेपेस तो फसला. त्या अनुभवाची ही नोंद देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

पत्रकाच्या माथ्यावर ‘नाव लिहू नये’ असे ठळक छापले होते. खाली मात्र विभाग, हुद्दा, स्त्री की पुरुष आणि सेवेची वर्षे विचारली होती. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ दोनच. त्यांतील एक स्त्री. मग नाव न लिहून काय साधले? पत्रकांची पेटीही कार्यालयाच्या दारात, मेट्रनबाईंच्या टेबलासमोर ठेवलेली. परिणाम व्हायचा तोच झाला. बहुतेक पत्रकांवर सर्वत्र ‘उत्तम’वर खूण होती आणि सूचनांची जागा कोरी होती. एका पत्रकावर चार ओळी लिहिलेल्या निघाल्या, तेव्हा वाचणाऱ्याने पहिला प्रश्न केला, ‘हे अक्षर कोणाचे?’ त्याच क्षणी ती पाहणी संपली, असे आमचे मत आहे.

निनावीपणा हा आश्वासनाचा विषय नसून हिशेबाचा आहे. लहान रुग्णालयात तर फारच. म्हणून पुढच्या खेपेस विभागांचे दोनच मोठे गट केले, वय व सेवाकाल विचारला नाही, आणि पाचांहून कमी उत्तरे असलेल्या गटाचा निष्कर्ष वेगळा काढायचा नाही असे ठरवले. मोकळ्या सूचना बाहेरच्या व्यक्तीकडून टंकलिखित करून घेतल्या. मूळ कागद व्यवस्थापनाच्या हाती आलेच नाहीत.

लिहितावाचता न येणाऱ्या सफाई कामगारांचे काय? दुसऱ्याकडून पत्रक भरून घेतले की गुप्तता तेथेच सरते. येथे १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक उपयोगी पडली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली पेटी वेगळी असे. मतदाराने कागदावर खूण न करता तो हव्या त्या पेटीत टाकायचा. त्याच धर्तीवर तपासणीच्या खोलीत पडद्याआड हसरा, साधा व रडका चेहरा चिकटवलेले तीन डबे ठेवले. प्रश्न बाहेरून वाचायचा, चिठ्ठी आत जाऊन टाकायची.

प्रश्नांकडेही नव्याने पाहावे लागले. १९३२ साली रेन्सिस लिकर्ट यांनी मांडलेली ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची पद्धत सोपी आहे. पण ‘आपण समाधानी आहात काय?’ याला पाचांपैकी कोणतेही उत्तर दिले तरी हाती काही लागत नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती झाल्या. ठरावीक प्रश्न सोडून कामगार मनातलेच बोलू लागतात असे दिसल्यावर, तेथे ऐकून घेण्यावर भर देण्यात आला.

आमच्या पत्रकातील सर्वांत मोलाचा प्रश्न असा होता : ‘वापरलेली सुई टोचली तर लगेच कळवण्यास भीती वाटते का?’ एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका असेल, तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. बोलणी बसतील या धास्तीने एखादी सिस्टर गप्प राहिली तर ते तास हातचे जातात. रात्रपाळीच्या जेवणाची तक्रार यापुढे किरकोळ वाटेल. पण ती मांडता आली नाही, तर ही तरी कशी मांडली जाणार?

निनावी पत्रकाला मर्यादा आहेत. लैंगिक छळाची तक्रार पेटीत टाकून भागत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असलीच पाहिजे. शिवाय आपल्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभारलेल्या कामाचे उदाहरण आहे. तेथे गावाने निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि डॉक्टरांसमोर बसून गावाची दुखणी मांडू लागल्या. त्यांना पेटी लागली नाही. तशी मोकळीक आमच्याकडे अजून नाही, हे मान्य करूनच आम्ही पेटी ठेवली आहे.

दुसऱ्या खेपेचे निष्कर्ष प्रथम कर्मचाऱ्यांच्या सभेत वाचले, मग विश्वस्तांपुढे ठेवले. सुई टोचल्यास रात्री कोणाला कळवायचे, याचा फलक प्रत्येक कक्षात लावला. रात्रपाळीसाठी आणखी माणसे नेमणे यंदा शक्य नव्हते; तेही कारणासह सूचनाफलकावर लिहिले. गोषवारा तयार झाल्यावर मूळ पत्रके व चिठ्ठ्या दोन कर्मचारी-प्रतिनिधींच्या समक्ष जाळण्यात आल्या.