कातळाचा रंग आणि कागदाचा रंग

महाविद्यालयातील प्रदर्शनात मी लावलेल्या छायाचित्रासमोर थांबून आमच्या सरांनी विचारले, "हे रेशमी कापड का रे?" चित्र होते अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या अप्पर अँटिलोप कॅनियनच्या कातळाचे! चूक माझीच होती. ती कशी घडली हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पेज या गावाजवळची ही अरुंद घळ नवाहो लोकांच्या भूमीत आहे. वाटाड्याशिवाय तेथे जाता येत नाही. ज्युरासिक काळातील वाळूच्या टेकड्यांपासून बनलेला हा वालुकाश्म वाळूमिश्रित लोंढ्यांनी घासून घासून कापला आहे. दूर कोठे पाऊस झाला तरी येथे अचानक पूर येतो. जवळच्याच लोअर अँटिलोप घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी अशा लोंढ्यात ११ पर्यटक दगावले.

घळीच्या तळाशी थेट ऊन क्वचितच पोचते. ते एका भिंतीवरून दुसरीवर परावर्तित होत खाली उतरते आणि दर वेळी अधिक तांबूस होते. जेथे केवळ आकाशाचा उजेड येतो तेथे सावली जांभळट दिसते. आकाश चौकटीत घेतले तर ते पांढरेफटक पडते, नाही तर भिंती काळ्या होतात. म्हणून मी ते वगळले. कॅमेऱ्याची आपोआप रंग जुळवण्याची सोयही बंद केली, कारण हा तांबूसपणाच ती दोष समजून पुसू पाहते. आमच्या फेरीत तिपाईला परवानगी नव्हती. श्वास रोखून छायाचित्रे घेतली.

येथवर ठीक होते. घोटाळा झाला तो छपाईत. संगणकाचा पडदा स्वयंप्रकाशी असतो. कागद मात्र अंगावर पडलेला उजेडच परत देतो. पडद्याला भुलून मी सावल्या उजळल्या, रंग चढवला. कागदावर नारिंगीच्या छटा एकमेकींत मिसळल्या आणि खडकाच्या थरांच्या रेघा बुजून गेल्या.

दुसऱ्या खेपेस मॅट कागद घेतला. लहान पट्ट्या छापून त्या प्रदर्शनाच्या भिंतीवर, तेथल्याच दिव्याखाली पाहिल्या. रंग उतरवला, सावल्यांना सावल्या राहू दिले. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडू नये म्हणून काच लावली नाही.

सर पुन्हा आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "येथून पाणी गेलेले दिसते."

नवाहो भाषेत या घळीच्या नावाचा अर्थ हाच आहे: खडकांतून पाणी वाहते ती जागा.