अश्वशक्ति आणि तिची मर्यादा



गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो हल्लीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत नोकरीस आहे. त्यानें बी. एम. डब्ल्यू. कंपनीची ३३५ आय ही जुनी मोटार विकत घेतली असून तिची शक्ति वाढवावी असें त्याच्या मनानें घेतलें आहे. तेथील एका कारागिरानें त्यास सल्ला दिला कीं, "धूर शुद्ध करणारें पात्र काढून टाका, कोण पाहतो?" हें ऐकून त्याचें मन कचरलें, आणि कायदा न मोडतां शक्ति वाढवितां येते काय, असें त्यानें आम्हांस विचारलें. आमचें उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासास उपयोगी पडेल, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम हें इंजिन कसें चालतें तें पाहूं. २००६ सालीं निघालेल्या या मोटारींत एका रांगेंत सहा सिलिंडर असून त्यांचें एकूण आकारमान २९७९ घन सेंटिमीटर आहे. त्यांना दोन टर्बो जोडलेले असतात. टर्बो म्हणजे एकाच आंसावर बसविलेलीं दोन चक्रें. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु एका चक्रास फिरवितो. त्याबरोबर दुसरें चक्र फिरतें आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबतें. जी शक्ति धुराबरोबर वाया जावयाची, तिलाच कामास जुंपण्याची ही युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराची होय. त्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें.

शक्ति पेट्रोलांत असते हें खरें. परंतु पेट्रोल जळावयास हवा लागते. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा पाहिजे. म्हणून अधिक शक्ति हवी असल्यास अधिक हवा आंत गेली पाहिजे. मूळ रचनेंत टर्बो बाहेरच्या दाबापेक्षां सुमारें ०.६ बार अधिक दाब देतात, आणि इंजिनाची शक्ति ३०६ मेट्रिक अश्वशक्ति भरते. इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकास नवी आज्ञावलि दिली, कीं हा दाब वाढवितां येतो. एक खिळाही न हलवितां शक्ति वाढते, म्हणून मोह मोठा!

पण हवा दाबली म्हणजे ती तापते. सायकलच्या पंपाचें टोंक हात लावून पाहा. २७ अंशांची हवा १ बारापासून १.६ बारापर्यंत दाबली, तर आदर्श यंत्रांतही ती सुमारें ७० अंशांपर्यंत तापते, १.९ बारापर्यंत दाबली तर ८७ अंशांपर्यंत. प्रत्यक्ष यंत्रांत उष्णता याहून अधिकच. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबण्याचा लाभ कांहीं अंशीं बुडतो. शिवाय सिलिंडरांतील मिश्रण फार तापलें, कीं ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच त्याचा उरलेला भाग आपोआप पेट घेतो व आंत हातोड्याचे घाव बसल्यासारखा आवाज होतो. याला 'नॉकिंग' म्हणतात. तें चालूं दिलें तर दट्ट्या फुटावयास वेळ लागत नाहीं.

तेव्हां शक्तीची खरी मर्यादा दाबांत नसून उष्णतेंत आहे. शहाणा कारागीर आधीं उष्णतेची व्यवस्था लावतो. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर या मोटारींत मुळांतच असतो. तो मोठा बसविला आणि ७० अंशांची हवा ४० अंशांवर आणली, तर त्याच दाबांत सुमारें दहा टक्के अधिक हवा मावते. हें गणित केल्व्हिन अंशांत अवश्य करून पाहा: ३४३ भागिले ३१३. अधिक ऑक्टेनचें पेट्रोल नॉकिंगला अधिक विरोध करतें. जर्मनींतील बव्हेरियाच्या आल्पिना या संस्थेनें २००७ सालीं याच इंजिनावर बी ३ बायटर्बो ही मोटार काढली. तिनें दाब वाढविण्यापूर्वीं नवे दट्ट्ये बसवून आकुंचनाचें प्रमाण १०.२ वरून ९.४ वर आणलें. शक्ति ३६० झाली. २०१० सालच्या बी ३ एस मध्यें ती ४०० वर गेली. आणि या मोटारी सर्व नियमांस उतरून राजरोस रस्त्यावर धांवल्या.

आतां त्या पात्राविषयीं. तें काढल्यानें धुराची वाट मोकळी होते व शक्ति थोडी वाढते, हें खोटें नाहीं. परंतु तें पात्र कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळलेलें पेट्रोल यांचें रूपांतर कार्बन डायॉक्साइड, नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत करीत असतें. लॉस एंजेलिस शहरावर दाटणारें, डोळे झोंबविणारें धुकें मुख्यतः मोटारींचा धूर व सूर्यप्रकाश यांच्या संयोगानें होतें, हें हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलें. त्या राज्याचा कायदा या अनुभवांतून कडक झाला. धुरावर परिणाम करणाऱ्या कोणत्याही नव्या भागास तेथील वायु-मंडळाचा सवलत-क्रमांक असावा लागतो. जुन्या मोटारींची बहुधा दर दोन वर्षांनीं तपासणी होते आणि जुलै २०२१ पासून संगणकाची आज्ञावलिही पाहिली जाते. तपासणींत न उतरलेल्या मोटारीची नोंदणी पुढें चालत नाहीं. तेव्हां "कोण पाहतो?" या प्रश्नास तेथें सरळ उत्तर आहे.

पालकांनीं लक्षांत ठेवावें कीं, आपल्या देशांतही मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें निर्मात्याच्या मूळ नोंदीहून निराळा फेरफार करण्यास सामान्यतः मनाई आहे. मुलानें मोटारसायकलचा सायलेन्सर बदलण्याचा हट्ट धरला, तर हें कलम त्यास वाचून दाखवावें.

त्या विद्यार्थ्याचें दुसरें पत्र नुकतेंच आलें. वेग वाढविण्यापूर्वीं थांबण्याची सोय हवी, हें त्यानें मनावर घेतलें. प्रथम टायर व ब्रेक नवे केले, आणि मग सवलत-क्रमांक पाहूनच इंटरकूलर घेतला. पात्र जागच्या जागीं आहे. कारागीर हंसला म्हणे. परंतु मोटार तपासणींत उतरली, आणि तिच्या मागून येणाऱ्या माणसास तिच्या वाढलेल्या शक्तीचा कांहींएक उपद्रव होत नाहीं. आमच्या मतें ही परीक्षा त्यानें पहिल्या वर्गांत उत्तीर्ण केली.