बेडूक : अभय लाभलेला जीव

पावसाळ्याच्या प्रारंभी डबक्याकाठी उठणारा घोष आपण सर्वांनी ऐकला आहे. परंतु तो घोष करणाऱ्या जीवाविषयी आपण कधी विचार केला आहे काय?

बेडूक व भेक यांच्या ७ हजारांहून अधिक जाती जगात ज्ञात आहेत. बेडकाची त्वचा सामान्यतः ओलसर व गुळगुळीत, तर भेकाची कोरडी व खडबडीत असते. बेडूक फुप्फुसांबरोबरच त्वचेनेही श्वास घेतो. म्हणूनच पाण्यातील विष त्याला सर्वप्रथम बाधते. बहुतेक जातींत अंड्यातून कल्ल्यांनी श्वसन करणारा बेडूकमासा निघतो. पुढे त्याला पाय फुटतात, शेपूट लोपते आणि जलचर भूमीवर येतो. सह्याद्रीतील काही झुडपी बेडकांच्या अंड्यांतून मात्र थेट पूर्ण घडलेली इवली पिले बाहेर पडतात. आंबोलीच्या जांभ्या सड्यावरील उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या, अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या भेकाची विज्ञानाने २००९ साली नोंद घेतली. निर्मात्याची ही केवढी विविधता!

दिव्य कुरआनातील सूरह अल्-आराफमध्ये (७:१३३) फिरऔनच्या लोकांवर पाठविलेल्या निशाण्यांत बेडकांचा उल्लेख आहे. तेथे अपराध माणसांच्या अहंकाराचा होता, बेडकांचा नव्हे. एका वैद्याने औषधात बेडूक वापरण्याविषयी विचारले असता, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बेडूक मारण्यास मनाई केली, अशी नोंद अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. याच आधारे हनफी व शाफई विद्वानांनी बेडकाचे मांस निषिद्ध ठरविले.

आता स्वतःस विचारा : ज्याला हाताने मारणे वर्ज्य, त्याचे डबके बुजविणे, ओढ्यात कीटकनाशकाचे डबे धुणे हे कितपत योग्य? बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली थांबविली, कारण शेतातील किडींचा हा नैसर्गिक शत्रू झपाट्याने घटत होता. त्याला अभय देण्यात आपलेही हित आहे.

म्हणून मुलांना बेडकावर दगड मारू देऊ नका. पावसाळी रात्री घाटरस्त्यावर वाहन सावकाश चालवा. विहिरीत, ओढ्यात विष जाऊ देऊ नका. दुर्बळ जीवावर केलेली दयाही अल्लाहजवळ वाया जात नाही.