शोभेल तो वेश

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, म्हणजे वर्गातील एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा भाव एकाएकी वाढतो. कोणाला नऊवारी नेसवून हवी असते, कोणाला फेटा बांधून हवा असतो, कोणाच्या अंगरख्याचे बंद तुटलेले असतात. एरवी गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसणारे हे मूल त्या दिवशी साऱ्यांचे आधार बनते. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग खुलेल, कोणाला कोणता वेश साजेल, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ती त्याची उपजत दृष्टी असते.

मी मुख्याध्यापक असताना घडलेला एक प्रसंग मला आठवतो. त्या वर्षी मुलांनी शिवकालीन नाटक बसवले होते. डोंगरात राहणाऱ्या एका गरीब मावळ्याचे काम करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर आम्ही पेटीतला जरीचा फेटा चढवला होता. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, “गुरुजी, फेटा छान आहे, पण तो याचा नाही.” तिने फेटा उतरवला, एक जाडाभरडा पंचा घेतला, तो अंगणातल्या मातीत घोळला, झटकला आणि त्या मुलाच्या डोक्याला गुंडाळला. चांगला धुतलेला पंचा मळवला, म्हणून मी तिच्यावर रागावलो. पडदा वर गेला. मावळा रंगमंचावर आला आणि त्याच्या तोंडून एक शब्दही निघण्यापूर्वी तो कोण, हे साऱ्या प्रेक्षकांनी ओळखले. माझा राग अनाठायी होता, हे मला तेथेच उमगले.

हा गुण प्रगतिपुस्तकात कोठेही नोंदला जात नाही. ‘नटण्यामुरडण्याचा नाद’ म्हणून घरीदारी त्याची थट्टाच अधिक होते. अशा गुणावर मनुष्याला सन्मानाने पोट भरता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरच्या एका मुलीच्या चरित्रात सापडते.

भानुमती राजोपाध्ये यांचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापूर येथे झाला. सात भावंडांत त्या तिसऱ्या. वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते आणि कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांच्या कामातही त्यांचा सहभाग असे. त्यामुळे रंग, कुंचला आणि कागद ही भानुमतींची बालपणीची खेळणीच होती. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. त्या लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. तरीही वडिलांकडून मिळालेली रंगरेषांची ओढ त्यांनी जतन केली. पुढे मुंबईस येऊन त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १९५१ साली सुवर्णपदक मिळवले. मुंबईतील ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ हा नव्या विचारांच्या चित्रकारांचा संघ तेव्हा गाजत होता. त्याच्या १९५३ मधील प्रदर्शनात भानुमतींची चित्रे मांडली गेली.

चित्रकार म्हणून कीर्तीचा मार्ग असा मोकळा होत असतानाच त्यांच्यापुढे दुसरी एक वाट आली. ‘इव्हज् वीकली’ या स्त्रियांच्या इंग्रजी साप्ताहिकासाठी त्या पोशाखांची चित्रे काढीत असत. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने तयार कपड्यांचे एक दुकान उघडले आणि ‘कागदावर काढता, तसे प्रत्यक्ष कापडात बेतून पाहाल का?’ अशा अर्थाची विचारणा केली. भानुमतींनी होकार दिला. सुवर्णपदक मिळवलेल्या चित्रकर्तीने कात्री आणि माप-फीत हाती घ्यावी, हा निर्णय कोणासही सहज घेता आला नसता. आपल्या समाजात चित्राला मान आहे. शिवणकामाला तो तेवढा मिळत नाही. परंतु भानुमतींनी कामाची उंची मानावरून मोजली नाही.

त्या दुकानात चित्रपटसृष्टीतील अभिनेत्री येऊ लागल्या. कामिनी कौशल आणि नर्गिस यांच्यासारख्या प्रसिद्ध अभिनेत्रींसाठी त्यांनी कपडे तयार केले. एकीची अंगलट दुसरीसारखी नसते. एकीला खुलणारा रंग दुसरीला फिका पाडतो. म्हणून आधी माणूस नीट पाहायचा आणि मगच कापडाला हात लावायचा, ही या कामाची पहिली शिस्त होय. व्यक्तीसाठी वेश निवडण्याच्या या कामातून त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. विवाहानंतर त्या भानू अथैया या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. ‘श्री ४२०’ (१९५५), ‘प्यासा’ (१९५७), ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) अशा नामवंत चित्रपटांमागे त्यांची दृष्टी उभी आहे. ‘वक्त’ (१९६५) या चित्रपटात अभिनेत्री साधना यांनी घातलेला अंगासरसा कुडता आणि चुडीदार तर देशभरातील तरुण मुलींनी उचलला.

केवळ उपजत दृष्टीच्या बळावर हे साधले असते काय? मुळीच नाही. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटाची कथा वैशाली नगरीत, बुद्धकाळात घडते. त्या काळातील वस्त्रे आज कोठे पाहावयास मिळणार? भानूताईंनी अजिंठ्याची लेणी गाठली. तेथील भिंतींवरील स्त्रीपुरुषांची वस्त्रे, त्यांच्या चुण्या, दागिने आणि केशरचना त्यांनी चित्रकाराच्या नजरेने न्याहाळल्या आणि त्यांतून नायिकेचा वेश सिद्ध केला. दृष्टी जन्माबरोबर येते; तिला अभ्यासाचे खाद्य मात्र आपणच पुरवावे लागते.

त्यांच्या या तपश्चर्येची खरी कसोटी ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात लागली. दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो यांच्या या चित्रपटाची कथा १८९३ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ पसरलेली आहे. हजारो माणसांचा मेळा त्यात आहे. वकील, शिपाई, शेतकरी, मजूर, पुढारी, संस्थानिक अशा प्रत्येकाचा वेश त्याच्या प्रांताचा, धर्माचा, ऐपतीचा आणि काळाचा असावयास हवा. आणि मध्यभागी आहेत गांधीजी! महात्माजींचे सारे चरित्र त्यांच्या कपड्यांत वाचता येते. दक्षिण आफ्रिकेत तरुण वकील म्हणून ते गेले, तेव्हा त्यांच्या अंगात इंग्रजी कोट होता. १९१५ साली स्वदेशी परतले, तेव्हा त्यांनी काठेवाडी पोशाख केला होता. पुढे सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी तोही त्यागला आणि देशातील गरिबांप्रमाणे केवळ पंचा नेसण्याचा निश्चय केला. वस्त्र जसजसे कमी होत गेले, तसतसा हा पुरुष मोठा होत गेला.

आता विचार करा. अशा चित्रपटात वेशभूषाकाराने आपली हौस दाखवावयाची ठरवली असती, तर काय झाले असते? येथे झगमग करून चालणार नव्हते. बेन किंग्जले यांच्या अंगावरील खादी आणि कस्तुरबांची भूमिका करणाऱ्या रोहिणी हट्टंगडी यांची साधी साडी ही प्रेक्षकाला ‘कपडे’ वाटताच कामा नये. तीच माणसे समोर उभी आहेत, असे त्याला वाटावयास हवे. ही अवघड साधना फळाला आली. ११ एप्रिल १९८३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे वेशभूषेचे ऑस्कर पारितोषिक भानू अथैया आणि इंग्रज वेशभूषाकार जॉन मोलो यांना मिळून देण्यात आले. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची ही कन्या ठरली. पुढे ‘लेकिन’ (१९९०) आणि ‘लगान’ (२००१) या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

या मानाच्या चिन्हाचे त्यांनी पुढे काय केले, तेही ऐकण्याजोगे आहे. आपल्या पश्चात ते सुरक्षित राहावे, या विचाराने २०१२ साली त्यांनी ते ऑस्कर देणाऱ्या संस्थेकडेच सांभाळण्यासाठी परत सोपवले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज वेशभूषेचे क्षेत्र फार विस्तारले आहे. चित्रपट आणि नाटक यांखेरीज, व्यक्तीला तिच्या कामास व प्रसंगास साजेसे कपडे सुचवणारे सल्लागारही असतात. त्यांना स्टायलिस्ट म्हणतात. चांगला स्टायलिस्ट दुकानात धावत नाही. समोरचा मनुष्य कोठे जाणार आहे, तेथे त्याला दिवसभर उभे राहावयाचे आहे की बसावयाचे, त्याच्या कपाटात आधीच काय आहे आणि त्याच्या खिशाला काय परवडेल, हे तो आधी विचारतो. हे शास्त्र शिकवणाऱ्या संस्थाही निघाल्या आहेत. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ साली दिल्लीत स्थापन झाली. तिचे एक केंद्र नवी मुंबईतही आहे.

परंतु संस्थेत जाण्यापूर्वीच आरंभ करता येतो. सुती, रेशमी आणि लोकरी कापड डोळे मिटून हाताने ओळखून पाहावे. आजीच्या इरकलीचा काठ वहीत उतरवून घ्यावा. गावच्या शिंप्याजवळ घटकाभर बसून तो आडवे-उभे कापड कसे पाहतो, कोठे दाब सोडतो, ते पाहावे. स्वतःला आवडते ते आणि दुसऱ्याला शोभते ते, यांतील अंतर ओळखावयास शिकावे. हौशी मनुष्य आरशात स्वतःकडे पाहतो. वेशभूषाकार दुसऱ्याकडे पाहतो. हा बदल ज्या दिवशी घडतो, त्या दिवशी हौसेची विद्या होते आणि विद्येतून व्यवसाय उभा राहतो.

तुमच्या वर्गात फेटे बांधणारे, निऱ्या घालून देणारे कोणी असेल, तर त्याला हसू नका. त्याने एखादा पंचा मातीत मळवला, तर रागावण्यापूर्वी पडदा वर जाऊ द्या.

शब्दार्थ
उपजत – जन्मतःच असलेला. अनाठायी – अयोग्य जागी केलेला, चुकीचा. बेतणे – मापाप्रमाणे कापड आखून कापणे. अंगलट – शरीराची ठेवण. दाब – शिवणीत आत सोडलेले कापड. इरकल – विशिष्ट काठपदराची हातमागावरील साडी.

स्वाध्याय
१. ‘फेटा छान आहे, पण तो याचा नाही,’ असे ती मुलगी का म्हणाली?
२. ‘आम्रपाली’ चित्रपटासाठी भानू अथैया यांनी कोणता अभ्यास केला?
३. गांधीजींच्या वेशात होत गेलेले बदल क्रमाने लिहा.
४. ‘हौशी मनुष्य आरशात स्वतःकडे पाहतो, वेशभूषाकार दुसऱ्याकडे पाहतो,’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या शाळेतील नाटकातील एखादे पात्र निवडा. त्याचा वेश कसा असावा व का, ते दहा ओळींत लिहा.