वळताना पुढच्या चाकातून आवाज येतोय? आधी निदान, मग पार्ट



व्हिडिओत आपण आवाज ऐकले. आता तेच नीट लिहून घेऊ, म्हणजे गॅरेजच्या भिंतीवर चिकटवता येईल. स्वतःचं गॅरेज टाकायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पार्ट कुठेही मिळतो, पाना कुणीही फिरवतो. गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं ते "नक्की काय बिघडलंय" हे कळावं म्हणून. म्हणजे तुम्ही निदान विकता.

आणि निदान चुकलं की काय होतं, त्याचा हिशोब बघा. समजा, आवाज ऐकून तुम्ही अंदाजाने एक्सल बदललात. पार्टचे 5,000 आणि मजुरीचे 800 असे 5,800 रुपये झाले. दुसऱ्या दिवशी गाडी तोच आवाज घेऊन परत दारात. बसवलेला पार्ट दुकानदार सहसा परत घेत नाही. पैसे परत दिले तर नुकसान तुमचं, नाही दिले तर नाव खराब. नव्या गॅरेजला दोन्ही झेपत नाही.

पायरी 1: पाना उचलण्याआधी पाच प्रश्न

1. आवाज कसा आहे? टक-टक, घूंऽऽ, कर्रर्र, की खरखर?
2. गाडी चालू असतानाच येतो, की उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तरी येतो?
3. एकाच बाजूला वळताना येतो, की दोन्हीकडे?
4. ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढतो का? ब्रेक दाबल्यावर बदलतो का?
5. अलीकडे गाडीला काय काम केलं? पंक्चर, टायर, ब्रेक पॅड, काहीही.

पाचवा प्रश्न विसरू नका. पंक्चर काढल्यानंतर चाकाचे नट ढिले राहिले असतील, तर वळताना खटखट आवाज येतो. पुढे काहीही करण्याआधी नट घट्ट आहेत का ते बघा. एका मिनिटाचं काम आहे, पण सुटलेलं चाक जीव घेऊ शकतं.

उत्तरं जॉबकार्डवर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. "एक्सल खराब" असं लिहू नका, "डावीकडे वळताना टकटक वाजतं" असं लिहा. पहिलं झालं तुमचं अनुमान, दुसरी त्याची तक्रार. काम झाल्यावर तपासायची असते ती तक्रार.

पायरी 2: गाडी ओळखा

स्विफ्ट, वॅगन आर, ऑल्टो या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. म्हणून पुढे एक्सल आणि त्याच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. ईको किंवा टाटा एसमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते, पुढे ड्राइव्हचा एक्सलच नसतो. अशा गाडीच्या पुढच्या चाकाच्या आवाजाला कुणी "सीव्ही जॉइंट गेलाय" म्हणालं, तर त्याने गाडीखाली वाकून बघितलेलंच नाही असं समजा.

पायरी 3: आवाजावरून संशयित ठरवा

*टक-टक-टक, वळताना ॲक्सिलरेटर दिल्यावर:* बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर संशय घ्या. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चाकाच्या वेगाबरोबर टकटक वाढली तर संशय बळावतो. मग दोन्ही बाजूंचे रबरी बूट बघा. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, आत धूळ आणि पाणी जातं आणि जॉइंट झिजतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की पुरावा मिळाला.

*घूंऽऽ असा सलग आवाज, वेगाबरोबर वाढणारा:* व्हील बेअरिंग असू शकतं. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर आधी उजवं बेअरिंग तपासा. उजवीकडे वळताना वाढला तर डावं. टायर वेडावाकडा झिजला असेल तरी असाच आवाज येतो, म्हणून टायरवरून हात फिरवून बघा.

*कर्रर्र किंवा टंग, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवतानासुद्धा:* शॉकअपच्या वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग बघा. एकाने स्टिअरिंग हळू फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगला बाहेरून तळहात लावायचा. स्प्रिंग सलग न फिरता झटका देत असेल तर माउंट अडकतंय. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालू नका.

*खरखर, पत्रा घासल्यासारखी:* डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलाय का ते बघा. खडीच्या रस्त्यावर हे नेहमीचं आहे. पूर्ण वळवल्यावरच घासत असेल तर टायर आतल्या प्लास्टिक लायनरला लागतोय का तेही बघा.

*खडखड, वळून खड्ड्यातून जाताना:* लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड.

पायरी 4: जॅकवर खात्री करा

सपाट जागेत हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला अडण लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका.

- चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली तर हेल्परला ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई गेली तर बेअरिंग. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन.
- चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथे ढिलाई असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक तपासा.
- चाक हाताने फिरवा. बेअरिंग खराब असेल तर खरखर ऐकू येते, स्प्रिंगला हात लावला तर हातालाही जाणवते.

आवाजाने संशय येतो, ढिलाई किंवा फाटका बूट हा पुरावा. पुरावा मिळाल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही.

आता धंद्याचं बोलू

निदानाचे पैसे घ्या, आणि आधी सांगून घ्या. "तपासणीचे 300 रुपये, काम इथे केलंत तर बिलातून वजा" हे गाडी आत घेण्याआधी बोला. खडा निघाला तरी 300 च. तिथे एक्सलचं बिल करायचा मोह होईल. पण खडा काढून तोच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला, तर तो माणूस चार जणांना तुमचं नाव सांगेल.

बूट प्रत्येक सर्व्हिसला बघा. बूट फाटलाय पण आवाज नाही, अशा वेळी जॉइंट साफ करून नवं ग्रीस आणि बूट घातला की बहुतेकदा भागतं. टकटक सुरू झाल्यावर मात्र ग्रीस भरून जॉइंट बरा होत नाही. पावसाळ्याआधी हे गिऱ्हाइकाला दाखवलंत तर त्याचा मोठा खर्च वाचतो आणि तुम्हाला नियमित काम मिळतं.

जुना पार्ट दाखवा. बदललेला पार्ट डिकीत ठेवून द्या किंवा समोर हलवून दाखवा.

धोका असेल तर लिहून द्या. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. अशी ढिलाई सापडली तर "आठवडाभर चालेल" असं कधीही म्हणू नका. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर जॉबकार्डवर "गाडी चालवणे धोकादायक, काम नाकारले" असं लिहून सही घ्या. त्या दिवशी काम जाईल, जाऊ दे.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या तीन गाड्यांचे पुढचे बूट, नट आणि चाकांची ढिलाई तपासा. प्रत्येकीचं जॉबकार्ड भरा. तक्रार, संशय आणि पुरावा असे तीनच रकाने ठेवा. तिसरा रकाना रिकामा असेल तर त्या गाडीला अजून पार्ट मागवायचा नाही.