गांजा, सातबारा आणि कायदा

जुन्नर तालुक्यातल्या एका गावाचा पोलीस पाटील म्हणून अमली पदार्थांचा १९८५चा कायदा मला पारावर बसून सांगावा लागतो. त्यातून गाठीला बांधलेल्या या गोष्टी.

१. पोलीस आधी सातबारा बघतात. दाट उसात किंवा मक्यात लावलेलं गांजाचं झाड बांधावरून दिसत नाही. मालक मुंबईला, रान वाट्याने दिलेलं. तरी माहीत असून मालकाने कळवलं नाही, तर कलम ४६ त्याच्यावरही लागतं. सुट्टीला आलात की रानात सरीसरीने फिरून या.

२. गावकीची भीड इथे चालत नाही. "पाटील, भाऊबंदच आहे, जाऊ द्या," असं म्हणतात. कलम ४७प्रमाणे सरपंच, पंच आणि पोलीस पाटलाने कळताक्षणी खबर द्यायचीच. मी सांगतो, "दादा, गप्प बसलो तर गुन्हा माझ्यावर."

३. "दोनच झाडं आहेत" ही सबब नाही. जवळ सापडलेल्या गांजाची शिक्षा वजनावर ठरते: १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी. लागवडीला असा हिशेब नाही. १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड.

४. भांगेचा कायदा राज्यागणिक बदलतो. केंद्राच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसता पाला त्यात येत नाही. म्हणून राजस्थान, उत्तर प्रदेशात भांगेची परवान्याची दुकानं आहेत. आपल्याकडे भांग दारूबंदी कायद्यात येते. महाशिवरात्रीला कुकडेश्वरला जा की भीमाशंकरला, प्रसाद म्हटल्याने परवाना मिळत नाही.

५. परदेशातली मोकळीक विमानतळावर संपते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली मौजेखातर सेवनही खुलं केलं. तिकडच्या दुकानातली गांजाची गोळी लेकाने बॅगेत आणली, तर इथे तो आयातीचा गुन्हा. आयुर्वेदात विजया (म्हणजे भांगच) औषध म्हणून आहे, पण ती परवानाधारक कंपनीची आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची.

६. व्यसनी पोराला लपवू नका. थोडा माल किंवा सेवन एवढाच गुन्हा असेल आणि तो आपणहून सरकारमान्य केंद्रात पूर्ण उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ त्याला खटल्यातून वाचवतं.

आणि रानात झाड दिसलंच, तर रातोरात उपटून ओढ्यात टाकू नका. ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर, जे ठाणं जवळ असेल तिथे आधी कळवा.